४.९ की ६.२? खाडीच्या मुखावरच्या एका रिळाची गोष्ट

पार्श्वभूमी

हे प्रकरण मालवण तालुक्यातल्या एका खाडीच्या मुखावरचं आहे. खाडीचं नाव देत नाही. माणसाची ओळख लपवायची हे एक कारण, आणि गरवणारा माणूस आपली जागा चारचौघांत सांगत नसतो हे दुसरं. ज्यांची ही गोष्ट आहे त्यांना आपण 'सर' म्हणू. वय पन्नाशीपुढे, माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. लहानपणी तंगुसाच्या (नायलॉनच्या) हातदोरीने शेंगटी काढायचे. मधली पंचवीस वर्षं नोकरी-संसारात गेली. तीन वर्षांपूर्वी मुलाने वाढदिवसाला रॉड आणि रीळ दिलं आणि जुनं वेड पुन्हा जागं झालं.

रॉड आठ फुटी, मध्यम ताकदीचा. रीळ ४००० साइजचं स्पिनिंग, गिअर रेशो ४.९:१. म्हणजे हँडल एकदा फिरवलं की दोरी गुंडाळणारा रोटर ४.९ वेळा फिरतो. मुलाने रीळ घेण्याआधी मला फोन केला होता आणि 'लो गिअर घे' हा सल्ला माझाच होता. माझा विचार असा : सरांना हवा आहे जिताडा, जिताडा म्हणजे दांडगा मासा, आणि घाट चढताना आपण गाडी खालच्या गिअरला टाकतोच की. ऐकायला पटणारं होतं. पुढचं सगळं प्रकरण या एका वाक्यातून निघालं, म्हणून ते आधीच कबूल करून टाकतो.

आता जागा. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे खडपाचा एक दांडा पाण्यात शिरलेला आहे. सर त्याच्या टोकाला उभे राहतात. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पाणी उजवीकडून डावीकडे, समुद्राच्या दिशेने ओढ घेतं. उजव्या हाताला, म्हणजे ओढीच्या वरच्या बाजूला, पाण्याखाली दोन मोठे धोंडे आहेत. त्यांच्या आडोशाला जिताडा आणि तांबोशी दबा धरून असतात आणि ओहोटीबरोबर वाहत येणारी बारीक मासळी टिपतात. डावीकडे जाळ्यांचे खुंट आहेत, तिकडे ल्युअर (गळ लावलेलं नकली आमिष) टाकला की गेलाच म्हणायचा. त्यामुळे फेक उजवीकडे, ओढीच्या उलट दिशेला. ल्युअर पाण्याबरोबर आपल्याकडे येतो आणि आपण दोरी गोळा करत राहायचं.

अडचण

पावसाळ्यानंतर पाणी निवळलं आणि ऑक्टोबरपासून सर नियमित जाऊ लागले. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत त्यांच्या वहीत (गणिताचे शिक्षक, वही ठेवणारच) नऊ वेळा मासा लागल्याची नोंद होती. हातात आले दोन.

सुटलेल्या सातांची तऱ्हा जवळपास सारखी. दोरीला ठक् असं काही जाणवायचंच नाही. अचानक पाणी फुटायचं, जिताडा अर्धा बाहेर येऊन डोकं झटकायचा आणि ल्युअर सुटून उडायचा. 'मासा उडतो कुठे आणि माझा ल्युअर असतो कुठे, काही मेळच नाही,' असं सर फोनवर म्हणाले. म्हणजे त्यांच्या अंदाजाने ल्युअर धोंड्याजवळ, आणि मासा मात्र दहा-बारा मीटर अलीकडे, जवळजवळ समोर.

हे वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं. मी निदान केलं ते गळांचं. ल्युअरबरोबर येणारे तिहेरी गळ कमकुवत असतात, जिताड्याचा जबडा टणक, म्हणून गळ बदला आणि हिसका जरा जोरात द्या. सरांनी बदलले. पुढच्या दोन खेपांना आणखी एक मासा सुटला, एकदा तर हिसक्याने सर स्वतःच खडपावर बसले. सुदैवाने शेवाळ होतं, कालवं नव्हती.

खरी गोष्ट पकडली ती आबांनी. आबा म्हणजे त्याच खडपावर हातदोरी घेऊन बसणारे सत्तरीचे गृहस्थ. रिळाला कधी हात लावलेला नाही. एका संध्याकाळी बराच वेळ सरांकडे बघून ते म्हणाले, 'मास्तरानु, तुमची दोरी ढिली पडता. मासो तुमच्याच अंगार येता, आणि तुमी थंय बघतास.'

हातदोरीवाल्याला हे दिसणारच. त्याच्या एका ओढीला सहज हातभर-दोन हात दोरी येते आणि ढील पडली की बोटांना लगेच कळतं. रिळावर मात्र हँडल फिरतंय म्हणजे दोरी ताठ आहे, असा भास होतो.

मोजमाप

सरांनी त्या रात्री फोन केला तेव्हा मी एकच विचारलं, 'सर, वहीत तिथी आहे का?' होती. हाताशी आलेले दोन्ही मासे भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांतले होते, एक अष्टमीचा, एक नवमीचा. सुटलेल्यांपैकी बहुतेक अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे, उधाणाच्या सुकतीचे. पाण्याची ओढ कमी तेव्हा मासा येतो, ओढ जास्त तेव्हा सुटतो. एवढ्यावर गळांचा विषय संपला.

मग दोन मापं घेतली. पहिलं पाण्याचं. उधाणाच्या दिवशी अर्ध्या सुकतीला सरांनी नारळाचं सोडण पाण्यात टाकलं आणि खडपावरच्या दोन खुणांमधलं वीस मीटर अंतर ते किती वेळात कापतं ते घड्याळावर पाहिलं. साधारण तीस सेकंद. म्हणजे सेकंदाला ६५ ते ७० सेंटिमीटर.

दुसरं माप रिळाचं, शाळेच्या मैदानावर. हँडलच्या एका फेरीत येणाऱ्या दोरीचा हिशेब सोपा आहे : स्पूलचा (ज्यावर दोरी गुंडाळली जाते त्या चकरीचा) व्यास गुणिले ३.१४ गुणिले गिअर रेशो. ४००० साइजच्या स्पूलचा व्यास साधारण ५२ मिलिमीटर असतो. त्यावरून ५.२ × ३.१४ × ४.९, म्हणजे ८० सेंटिमीटर. बहुतेक कंपन्या खोक्यावर हा आकडाही छापतात, पण तो स्पूल भरलेला असतानाचा असतो. सरांचा स्पूल भरलेला नव्हता. मुळात दोनेकशे मीटर ब्रेडेड दोरी होती, त्यातली निम्मी धोंड्यांत अडकून आणि कापून संपली होती. दोरीच्या थराचा व्यास उतरला होता ४६ मिलिमीटरवर. फेक केल्यावर पन्नास मीटर दोरी बाहेर गेली की तो आणखी खाली, ४२ च्या आसपास. टेप लावून दहा फेऱ्यांची दोरी मोजली तर एका फेरीला भरली ६५ सेंटिमीटर.

सर आरामात सेकंदाला एक फेरी फिरवतात. पाणी ल्युअरला सेकंदाला ६५-७० सेंटिमीटर आपल्याकडे आणतंय आणि रीळ गोळा करतंय ६५. म्हणजे ल्युअर पाण्यात पोहतच नव्हता, सोडणासारखा वाहत येत होता आणि दोरीला पोट पडत होतं. त्यात वाऱ्याची भर. मासा ल्युअर घेऊन आपल्या दिशेने वळला की ढील आणखी वाढणार, आणि हिसका जाणार तो त्या पोटाला, गळाला नाही.

'आणि हे मी आठवीला शिकवतो,' सर म्हणाले. वर्तुळाचा परीघ.

पर्याय

आता काय करायचं, यावर आमचा आठवडाभर काथ्याकूट चालला. सरांचं म्हणणं सुरुवातीला स्पष्ट होतं : नवीन रीळ नको, हात भरभर चालवतो. हा पर्याय फुकटचा होता म्हणून आधी तोच पाहिला. ६५ च्या जागी ९० सेंटिमीटर हवे तर मिनिटाला ६० ऐवजी ८३ फेऱ्या लागतात. दहा मिनिटं जमतं. दोन तासांच्या सुकतीत मनगट भरून येतं, रॉडचं टोक डुलायला लागतं आणि बारीक ठोका हाताला कळेनासा होतो. सरांनी एकदा करून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिताना हात दुखतोय असं कळवलं.

दुसरा पर्याय स्पूल काठोकाठ भरण्याचा. तळाशी तंगूस, वर नवीन ब्रेडेड दोरी, कडेपासून दोनेक मिलिमीटर जागा सोडून. याने पन्नास मीटर बाहेर असतानाही फेरीला ७५ सेंटिमीटर मिळाले असते. खर्च फक्त दोरीचा. पण पाण्याच्या वेगापेक्षा जेमतेम पुढे. उधाणाच्या दिवशी वारा सुटला की पुन्हा तेच.

तिसरा, त्याच रेशोचं मोठं रीळ. स्पूल मोठा म्हणजे फेरीला दोरी जास्त. पण एक साइज वर गेल्याने व्यास दोन-चार मिलिमीटरच वाढतो, आणि वजन मात्र हाताला लागतं. आठ फुटी रॉडवर तोल बिघडला असता. हा आम्ही फार न चघळता सोडला.

चौथा पर्याय एका दुकानदाराने सुचवला : ७.१:१ चं बेटकास्टर (आडव्या, फिरत्या स्पूलचं रीळ) घ्या, सगळ्यात फास्ट. आकडा ऐकून सर खूश झाले. इथे मात्र आधी हिशेब मांडला. बेटकास्टरचा स्पूल लहान, साधारण ३४ मिलिमीटरचा. ३.४ × ३.१४ × ७.१ केलं की येतात ७६ सेंटिमीटर. ४.९ चं भरलेलं स्पिनिंग रीळ जवळपास तेवढीच दोरी आणतं! वेगवेगळ्या जातीच्या रिळांचे रेशो शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही, हे मला पुस्तकी माहीत होतं, पण एवढं ढळढळीत प्रथमच दिसलं.

पाचवा, ४००० साइजचंच पण ६.२:१ चं रीळ. शिमानो कंपनीच्या रिळांवर गिअर सांगणारी पीजी, एचजी, एक्सजी अशी अक्षरं असतात, त्यातली ही एक्सजीची जात. स्पूल भरलेला असताना फेरीला १०१ सेंटिमीटर, पन्नास मीटर बाहेर असताना ९५ च्या आसपास. पाण्याचा वेग वजा करून ल्युअरला सेकंदाला पंचवीस-तीस सेंटिमीटर पोहायला मिळतात, आणि मासा अंगावर आला तर हात वाढवायला वाव राहतो.

याची किंमत जोरात मोजावी लागते. त्याच लांबीच्या हँडलवर ६.२ ला ४.९ च्या सव्वापट जोर लागतो. खोल जाणारे, पाण्याला अडणारे ल्युअर ओढताना ते चांगलंच जाणवतं. हँडल ५५ ऐवजी ६० मिलिमीटरचं घेतलं तर त्यातला थोडा भार कमी होतो, सगळा नाही.

सरांचा खरा अडसर मात्र वेगळा होता. 'मोठा लागला तर? ओढणार कसा?' लो गिअरचा सल्ला देणारा मीच, आता उलटं सांगणारा मीच. त्यांनी तसं तोंडावर बोलूनही दाखवलं. मी म्हटलं, सर, स्पिनिंग रिळाने मासा ओढायचाच नसतो. रॉड वर उचलून मासा आणायचा, रॉड खाली नेताना आलेली ढील गोळा करायची. मासा पळतो तेव्हा त्याला थोपवतो तो ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, आणि ड्रॅगचा गिअर रेशोशी काही संबंध नाही. सर गप्प राहिले. पटल्यामुळे की नाही, ते मला अजून ठाऊक नाही.

काय केलं

विकत घेण्याआधी माझं ६.२ चं रीळ सरांना तीन आठवड्यांसाठी दिलं. हा या प्रकरणातला एकमेव निर्णय जो मी आजही तसाच घेईन. स्पूल भरून दिला, ड्रॅग स्प्रिंगच्या काट्यावर मोजून तीन किलोला लावला, आणि दोरी ३० पौंडी, पुढे ४० पौंडी फ्लोरोकार्बनचा लीडर (ल्युअरजवळचा दोरीचा मजबूत तुकडा). जिताड्याचा जबडा कानशीसारखा खरखरीत आणि गालफडाची कड धारदार, त्यामुळे लीडरवर काटकसर करायची नाही.

आबांच्या सांगण्यावरून उभं राहायची जागाही बदलली. दांड्याच्या टोकावरून सर सहा-सात मीटर मागे सरकले. त्यामुळे फेक ओढीच्या सरळ तोंडावर न जाता जरा तिरकी जाऊ लागली आणि ल्युअर कमानीत फिरत येऊ लागला. ढील आपोआप कमी झाली.

उधाणाची पहिलीच सुकती. सरांचा फोन रात्री साडेनऊला. मासा लागला नव्हता, तरी आवाजात उत्साह. 'ल्युअर थरथरतोय ते हाताला कळतंय! आजपर्यंत हे कळतच नव्हतं.'

तीन आठवड्यांनी त्यांनी स्वतःचं ६.२ घेतलं, लांब हँडलचं.

काय झालं

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात वहीत अकरा मासे लागल्याची नोंद आहे, हातात आले सात. त्यातले चार उधाणाच्या दिवसांतले. सगळ्यात मोठा जिताडा पावणेपाच किलोचा. तो थेट सरांच्या दिशेने धावत आला आणि सरांच्या शब्दांत 'हँडल वेड्यासारखं फिरवलं' म्हणून दोरी ताठ राहिली. जुन्या रिळावर तो आला नसता, एवढं मी ठामपणे म्हणेन.

पण नवीन रिळाने नवी भानगडही आणली. पाणी थांबलेलं असताना, भरती-ओहोटीच्या मधल्या वेळेत, सर खाडीत थोडं आत कांदळवनाच्या कडेला जातात. तिथे सॉफ्ट प्लास्टिकचं आमिष तळाशी सावकाश, सेकंदाला पाव मीटरच्या बेताने यायला हवं. ९५ सेंटिमीटरच्या रिळावर म्हणजे एका फेरीला जवळपास चार सेकंद. सवयीने सेकंदाला फेरी घालणाऱ्या हाताला हे जमेना. आमिष तळ सोडून वर यायचं आणि तांबोशी ढुंकून बघायची नाही. जिग हेड (आमिषाचा वजनदार डोक्याचा गळ) सात ग्रॅमवरून दहाचं केलं, अर्धी फेरी आणि थांबा असा ताल धरला, तेव्हा कुठे बरं चाललं. मला विचाराल तर त्या जागेसाठी जुनं ४.९ चंच सरस. सरही शेवटी तिथे तेच नेऊ लागले.

एका माशावरून आमचं आजही एकमत नाही. जानेवारीत धोंड्यापाशी मोठी तांबोशी लागली आणि दोन सेकंदांत खबदाडात शिरली, लीडर घासून तुटला. सरांचं म्हणणं, हँडल जागेवरच अडलं, लो गिअर असतं तर एक तरी फेरी बसली असती आणि मासा वळला असता. माझं म्हणणं, तांबोशीच्या पहिल्या उसळीला कुठल्याही गिअरने फेरी बसत नाही, तिथे ड्रॅग अर्ध्या किलोने जास्त आवळलेला हवा होता. खरं सांगायचं तर सरांच्या बोलण्यात तथ्य आहे. सव्वापट जोराचा फरक अशाच क्षणी हाताला कळतो. तरी त्या एका क्षणासाठी बाकीची सगळी सुकती ढिल्या दोरीने खेळायची, हे मला मान्य नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी स्पूल भरायला हवा होता. गिअर बदलण्याआधी अर्धा रिकामा स्पूल कुणीही पाहिला नाही, मीही नाही आणि रोज हाताळणाऱ्या सरांनीही नाही. भरलेल्या ४.९ वर तिरकी फेक करून महिनाभर पाहिलं असतं तर कदाचित नवीन रीळ लागलंही नसतं. 'कदाचित' म्हणतो, कारण आम्ही रीळ, स्पूल आणि उभं राहायची जागा तिन्ही एकाच आठवड्यात बदलली. त्यामुळे हाती आलेल्या सात माशांतलं श्रेय गिअरचं किती, भरलेल्या स्पूलचं किती आणि आबांचं किती, हे आता सांगता येत नाही. गणिताच्या मास्तरांना हे सगळ्यात जास्त खुपतं.

दुसरं, फोनवरून निदान करण्याची माझी घाई. 'मासा उडतो कुठे आणि ल्युअर असतो कुठे' या एका वाक्यात सगळं आलं होतं. मी एकदा खडपावर जाऊन उभा राहिलो असतो तर दोरीचं पोट डोळ्यांनी दिसलं असतं. गळ बदलण्यात आणि हिसके देण्यात गेलेला काळ ऐन हंगामातला होता.

तिसरी गोष्ट अजून ठरलेली नाही. सर दोन रिळं बाळगतात, मुखावर ६.२ आणि कांदळवनात ४.९. एकच घ्यायचं असतं तर ५.६-५.८ च्या दरम्यानचं मधलं रीळ, भरलेल्या स्पूलवर फेरीला ९०-९५ सेंटिमीटर देणारं, पुरलं असतं का? भांगाला नक्की. उधाणाला हात जरा चालवावा लागला असता. सरांनी पुढच्या हंगामात एका मित्राचं तसं रीळ मागून आणायचं ठरवलंय, आणि या खेपेला बाकी काहीही बदलायचं नाही अशी तंबी मला आधीच दिली आहे.

सध्या दोन्ही रिळं गोड्या पाण्याने धुऊन, तेल घालून कपाटात आहेत. दोन्हींवरचे रेशोचे आकडे सरांनी पट्टी लावून झाकलेत आणि वर मार्करने लिहिलंय : एकावर ९५, दुसऱ्यावर ७५.